पहिला मेटल अल्बम कुठला घ्यावा? 'पॅरानॉइड', 'द नंबर ऑफ द बीस्ट' की 'मास्टर ऑफ पपेट्स'

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहमच्या व्हिला पार्क मैदानात ब्लॅक सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि २२ जुलैला त्यांचा गायक ऑझी ऑझ्बर्न गेला. त्या महिन्यात बेळगावातल्या कितीतरी ओळखीच्यांनी, एरवी मेटलच्या, म्हणजे रॉकच्या त्या जड प्रकाराच्या, वाटेला न जाणाऱ्यांनीसुद्धा, मला विचारलं, "पैला कुठला ऐकू, सांग की." दहा नावं सांगितली की माणूस गोंधळतो, म्हणून मी तीनच सांगतो. ब्लॅक सॅबथचा 'पॅरानॉइड' (१९७०), आयर्न मेडनचा 'द नंबर ऑफ द बीस्ट' (१९८२) आणि मेटालिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६). मूळ आवृत्तीत तिन्हींवर आठ-आठ गाणी आहेत. हे तिन्ही मेटल आहेत यावर कुणाचं दुमत नाही, तरीही एक आवडला म्हणून दुसरा आवडेलच असं नाही. आणि न मानवणारा अल्बम आधी हाती आला, तर चांगला कान असलेला माणूसही "हे काय आपलं नव्हे" म्हणून कायमचा उठून जातो. तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी मेटल म्हणायचं कशाला ते ठरवू, कारण निवड त्यावरच अवलंबून आहे. बरेच लोक वेगाला मेटल समजतात, पण सॅबथची कितीतरी गाणी संथ आहेत. काही जण आरडाओरड्याला मेटल समजतात, पण मेडनचा ब्रूस डिकिन्सन स्वच्छ सुरात गातो. माझ्या लेखी पाया एकच, तो म्हणजे रिफ. गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा स्वरांचा छोटा तुकडा, ज्याच्यावर अख्खं गाणं उभं राहतं. सिनेमाच्या गाण्यात चाल गळ्यात असते आणि वाद्यं तिला साथ करतात. मेटलमध्ये चाल रिफमध्ये असते आणि गळा तिच्यावर स्वार होतो. म्हणून मेटल ऐकणाऱ्याला एखादं गाणं आठवायला सांगा, तो शब्द म्हणणार नाही, तोंडानं गिटार वाजवून दाखवेल.

दुसरी खूण पॉवर कॉर्डची. अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या ताकदीपलीकडं ताणला की गिटारचा आवाज फाटतो, त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. या फाटलेल्या आवाजात पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार स्वर, वाजवली तर तिच्यातला गंधार गढूळ ऐकू येतो, म्हणून गंधारच काढून टाकतात. उरतात षड्ज आणि पंचम. पंचमाच्या तानपुऱ्यात आपण जे दोन स्वर ऐकत आलोय, तेच हे. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून जवळच आहे. या भागात शास्त्रीय गाणं शिकलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात, आणि त्यांना एवढं एक सांगितलं की ती त्या गोंगाटात आपणहून सूर शोधायला लागतात. मला हे फार आवडतं.

तिसरी खूण गडद स्वरांची. सॅबथच्या पहिल्या अल्बमचं शीर्षकगीत घ्या. रिफ तीन स्वरांचा आहे: सा, मग वरचा सा, आणि तिथून खाली तीव्र मध्यम. युरोपात या अंतराला सैतानाशी जोडत आले. आपल्याला तीव्र मध्यमाची भीती वाटायचं कारण नाही, यमनात तो रोज भेटतो. पण यमनात त्याच्या आजूबाजूला गंधार, पंचम, निषाद असतात. इथं त्याला एकटा लटकत ठेवलाय, पंचमावर विसावूच दिलेला नाही. अंगावर काटा येतो तो त्या अर्धवटपणामुळं.

चौथी खूण वादाची आहे. मेटल ब्लूजमधून, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जुन्या गाण्यातून, जन्मलं आणि ब्लूजपासून दूर जात जात मेटल झालं. लेड झेपेलिन आणि डीप पर्पल यांना मेटल म्हणायचं का, यावर अजून भांडणं होतात. मी म्हणत नाही. झेपेलिनचा जीव ब्लूजमध्ये आहे, आणि पर्पलच्या 'मशीन हेड'वर (१९७२) ऑर्गन गिटारच्या बरोबरीनं बोलतो. दोघंही थोर, पण माझ्या हिशोबानं हार्ड रॉक. ब्लूजची ती डुलती चाल ज्युडास प्रीस्टनं जवळजवळ संपवली, त्यांचा 'ब्रिटिश स्टील' (१९८०) ऐकला की कळतं. या मापानं आपले तिन्ही अल्बम बघितले तर 'पॅरानॉइड'मध्ये ब्लूज आणि जॅझ अजून शिल्लक आहेत, मेडनमध्ये जवळजवळ नाहीत, आणि मेटालिकाच्या रिफमध्ये तर मागमूस नाही.

आता 'पॅरानॉइड'. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशिनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. आमच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ज्यांनी काम केलंय त्यांना हे समजावून सांगायला नको, प्रेसवर बोट गमावलेला एखादा माणूस प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. आयोमीनं प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, पातळ तारा लावल्या आणि वाजवत राहिला. त्यानं बोटांसाठी गिटार खालच्या पट्टीत उतरवली आणि त्यातून सॅबथचा जडपणा आला, असं सरसकट सांगितलं जातं. पण ते उतरवणं ठळकपणे येतं पुढच्या, १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त. 'पॅरानॉइड' नेहमीच्या पट्टीत आहे. त्याचं वजन गीझर बटलरच्या बास गिटारमधून येतं, जो रिफच्या अंगाला अंग लावून चालतो, आणि बिल वॉर्डच्या ड्रममधून, ज्यात जॅझचा झोका आहे. 'आयर्न मॅन'चा रिफ नवशिक्यालाही गिटारवर जमतो. 'प्लॅनेट कॅरव्हॅन' तर इतकं शांत आहे की कुणाला न सांगता लावलं तर मेटलच्या अल्बममधलं आहे हे ओळखू येणार नाही. शीर्षकगीत अल्बम भरायला घाईत केलेलं आणि तेच सगळ्यात गाजलं. मला मात्र त्या अल्बमवरचं ते सगळ्यात साधं गाणं वाटतं.

तिन्ही अल्बम शेजारी ठेवायचे तर मी युद्धाची गाणी घेतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर आमच्याच शहरात आहे, खानापूरपासून चंदगडपर्यंत फौजेत गेलेल्यांची घरं आहेत. युद्धावरचं गाणं इथं नुसतं गाणं म्हणून ऐकलं जात नाही.

सॅबथचं 'वॉर पिग्ज' व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं. अल्बमचं नावही तेच ठेवायचं होतं, कंपनीनं बदललं. बटलरच्या शब्दांत राग आहे तो युद्ध पेटवून स्वतः मागं राहणाऱ्या पुढाऱ्यांवर आणि सेनापतींवर. मरायला जातो तो गरीब. मांडणी बघा. सुरुवातीला भोंगा वाजतो. मग गिटार दोन ठोके देते आणि गप्प होते, फक्त हाय-हॅटची (ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीची) टिकटिक उरते, आणि त्या मोकळ्या जागेत ऑझी गातो. रिफ थांबून गळ्याला वाट देतो. शब्द न कळणाऱ्यालाही कळतं की कुणीतरी आरोप वाचून दाखवतोय.

मेडनचं 'रन टू द हिल्स' गोऱ्यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या केलेल्या कत्तलीवर आहे. आधी मारले गेलेल्यांच्या बाजूनं गायलंय, मग वेग वाढतो आणि मारणाऱ्या सैनिकाची बाजू येते. स्टीव्ह हॅरिसचा बास इथं एक लांब आणि दोन आखूड अशा ठेक्यात धावतो, मेटलमध्ये याला गॅलप म्हणतात, घोड्याची दौड. पोवाडा ऐकत वाढलेल्या कानाला हा ठेका आणि ही गोष्ट सांगायची पद्धत लगेच ओळखीची वाटते. वर उंच पट्टीतला पल्लेदार आवाज, खाली दौड.

मेटालिकाचं 'डिस्पोजेबल हीरोज' आठ मिनिटांहून मोठं आहे आणि त्यात बाहेरून बघणारा कुणी नाही. एकदा हुकूम देणारा बोलतो, एकदा आघाडीवर पाठवलेला पोरगा. गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्डचा उजवा हात सारखा मारत जातो. रिफ जवळजवळ थांबतच नाही, गळ्याला जागा देत नाही. माणसाला उसंत नाही हे शब्दांनी सांगायच्या आधी हात सांगतो. फौजी घरातल्या ओळखीच्यांना मी तिन्ही ऐकवली. सगळ्यात जास्त बोलणं झालं ते याच गाण्यावर, पण पुन्हा लावायला सांगितलं ते मेडनचं.

गळ्याचा मुद्दा इथं महत्त्वाचा आहे. ऑझीचा आवाज पातळ, किंचित रडवा, बहुतेकदा रिफच्याच स्वरांवरून चालणारा. गायक म्हणून तो तयारीचा नव्हे, पण ती भीती खरी वाटते. हेटफील्ड १९८६ मध्ये गातो कमी आणि तोडून बोलतो जास्त. डिकिन्सनचा हा मेडनबरोबरचा पहिलाच अल्बम, आणि 'हॅलोड बी दाय नेम' ऐकून मी अजून थक्क होतो. फाशीची वेळ झालेला कैदी कोठडीत पहाटेची घंटा ऐकतोय. सात मिनिटांत तो भीती, अविश्वास आणि शेवटी एक प्रकारची निर्भयता यांतून जातो, आणि हे सगळं गळ्यातून कळतं. फाशीघर असलेल्या आमच्या हिंडलग्याच्या तुरुंगावरून ये-जा करणाऱ्याला त्या गाण्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

लांबी आणि आवाज यांचंही बघायला हवं. 'नंबर ऑफ द बीस्ट' चाळीस मिनिटांच्या आसपास, 'पॅरानॉइड' बेचाळीस, 'मास्टर ऑफ पपेट्स' पंचावन्नच्या जवळ आणि जास्त दाट. मेटालिकाचा अल्बम ब्लूटूथच्या छोट्या स्पीकरवर पहिल्यांदा ऐकू नका, गिटारांचे थर एकमेकांत मिसळून भिंत होते. इअरफोन लावा. शेवटाकडचं 'ओरायन' हे शब्दांशिवायचं गाणं मधोमध संथ होतं आणि क्लिफ बर्टनचा बास पुढं येतो. तेवढ्यासाठीसुद्धा तो अल्बम घ्यावा. बर्टन त्याच वर्षी २७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये बस उलटून गेला, चोवीस वर्षांचा होता. सॅबथला कुठलाही स्पीकर चालतो, वाद्यं मोकळी मोकळी आहेत.

घरच्यांचा प्रश्नही येतो. मेडनच्या कव्हरवर सैतान आहे, आईवडील दचकतात. अमेरिकेतही त्यावरून ओरड झाली होती. शीर्षकगीत हॅरिसच्या एका वाईट स्वप्नावर आहे, त्यात पूजाबिजा काही नाही. घरात अडचण असेल तर आधी गाणी ऐकवा, कव्हर नंतर दाखवा.

मग निवड. गिटार शिकत असाल तर 'पॅरानॉइड', दुसरा विचार नको. बडा ख्याल सवडीनं ऐकायची सवय असेल, एखादी गोष्ट कशी बांधत नेली हे बघण्यात रस असेल, तर सरळ 'मास्टर ऑफ पपेट्स'. पण यातलं काहीच नसेल, फक्त गाण्याची आवड असेल, तर माझं उत्तर 'द नंबर ऑफ द बीस्ट'. मेटलचा इतिहास सांगणारे बहुतेक जण सॅबथपासून सुरुवात करायला सांगतात, आणि क्रम म्हणून ते बरोबरही आहे. पण आमच्या भागातला कान आधी गळ्याकडं जातो. नाट्यगीत, अभंग, पोवाडा सगळं गळ्याचं. त्या कानाला डिकिन्सन हात धरून आत घेतो, आणि आत आल्यावर रिफ ऐकू यायला लागतो. मग मागं जाऊन सॅबथ, आणि दोन्ही पचल्यावर मेटालिका. पहिल्यांदा ऐकताना 'गँगलँड' सोडून दिलं तरी चालेल, अल्बमवरचं ते सगळ्यात कच्चं गाणं आहे.

ज्यांचं नाव लोक हमखास सुचवतात ते दोन अल्बम मी मुद्दाम बाहेर ठेवलेत. मेटालिकाचा १९९१ चा काळ्या कव्हरचा अल्बम सोपा आहे, पण त्यानं सुरुवात केलेले बरेच जण तिथंच थांबतात. स्लेयरचा 'रेन इन ब्लड' (१९८६) एकोणतीस मिनिटांचा, श्वास न घेऊ देणारा, माझा अत्यंत लाडका. पण पहिला म्हणून नको.

आपल्याकडचं काही हवं असेल तर मेडन आवडलेल्यांनी बेंगळुरूचे क्रिप्टॉस ऐकावेत, दोन गिटारांची तीच जुनी धाटणी. मुंबईच्या डीमॉनिक रिझरेक्शनचा 'दशावतार' (२०१७) एकेका अवतारावर एकेक गाणं करतो. त्यात घशातून काढलेला आवाज खूप आहे, तेवढं मनात धरून ऐका. दिल्लीच्या ब्लडीवूडच्या 'रक्षक'मध्ये (२०२२) ढोल आहे आणि हिंदी-पंजाबी शब्द आहेत.

आणि प्रत्यक्ष ऐकायचं तर बेंगळुरूकडं लक्ष ठेवा. मेडन १७ मार्च २००७ ला तिथल्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले, मेटालिका ३० ऑक्टोबर २०११ ला तिथंच. बेळगावहून रात्रीच्या गाडीनं निघालं की सकाळी पोचता येतं. तिकीट काढायच्या आधी 'हॅलोड बी दाय नेम' पाठ करून जा, कारण तिथं गर्दी शब्दांच्या आधी गिटारचा तुकडा गाते आणि त्यात आपला आवाज मिसळायला तो येत असावा लागतो.