ब्ल्यू मकाम्स: ऊदशेजारी पियानो बसवताना

ट्युनिशियाचे ऊदवादक (ऊद म्हणजे अरबी संगीतातलं तंतुवाद्य) अन्वर ब्राहेम यांचा ‘ब्ल्यू मकाम्स’ हा अल्बम २०१७ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाला. सोबतीला डबल बासवर डेव्ह हॉलंड, ड्रम्सवर जॅक डीजॉनेट, पियानोवर जँगो बेट्स. निर्माते ‘ईसीएम’ या रेकॉर्ड कंपनीचे मानफ्रेड आयशर. नऊ रचना, सव्वा तासाहून थोडा जास्त ऐवज.

मकाम (अरबी संगीतातले रागासारखे स्वरसमूह) आणि जॅझ एकत्र आणताना मोठी अडचण पियानोची. ऊदला पडदे नसतात. त्यामुळे रास्त या मकामातला गंधार शुद्धाहून किंचित खाली, बयातीमधला रिषभ कोमल आणि शुद्धच्या मधोमध, असा हवा तिथे लावता येतो. पियानोवर त्या जागेला पट्टीच नाही. ऊदवर रास्तचा गंधार लागला आणि खाली पियानोने शुद्ध गंधाराचा कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) धरला, तर दोघेही बेसूर वाटतात. म्हणून पियानोबरोबर नहावंद, कुर्द, हिजाझ असे बारा सुरांत बसणारे मकाम सोयीचे पडतात. हिजाझ तर आपल्या कानांना लगेच ओळखीचा लागतो: सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, म्हणजे भैरवचं पूर्वांगच. भैरवातलं आंदोलन, म्हणजे सुराचं संथ डोलणं, मात्र तिथे शोधू नये.

दुसरी अडचण नादाची. ऊदचा सूर सतारीसारखा रेंगाळत नाही, लवकर विरतो. पियानोचा पेडल दाबून ठेवला किंवा झांज जोरात वाजली की ऊद बुडालाच. डीजॉनेट यांचा हात म्हणूनच इतका मोलाचा वाटतो. झांजांवर हलकं काम, आणि ऊदचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबण्याची तयारी. एवढ्या ताकदीच्या ड्रमरने असं सांभाळून वाजवणं ऐकताना मन भरून येतं. ‘ला न्वी’मध्ये पियानोने घेतलेली जागा जरा जास्तच वाटते. ‘बाहिया’ ही रचना मात्र जरूर ऐका. ती आधी ‘मदार’ (१९९४) या अल्बमवर होती, ज्यात यान गार्बारेक यांचा सॅक्सोफोन आणि उस्ताद शौकत हुसेन यांचा तबला आहे.

हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. डबल बासच्या चारही मोकळ्या तारांचे मूळ सूर ४० ते १०० हर्ट्झमध्ये येतात, आणि एवढासा स्पीकर ते जवळजवळ गाळूनच टाकतो. मग हॉलंड यांचं निम्मं काम हरवतं आणि ऊद एकटाच पडल्यासारखा वाटतो. कान झाकणारे साधे तारेचे हेडफोनही चालतील, फक्त ‘बास बूस्ट’ बंद ठेवा, नाहीतर ऊदच्या खालच्या तारा आणि बास यांचा एकच गोळा होतो.

ज्यांना तक्सीम, म्हणजे तालाशिवायची मकामाची बढत, जवळची वाटते त्यांनी आधी ‘थिमार’ (१९९८) घ्यावा. त्यातही हॉलंड आहेत, शिवाय जॉन सरमन यांचा सोप्रानो सॅक्सोफोन आणि बास क्लॅरिनेट. पियानो नाही, ड्रम्स नाहीत. फुंकवाद्याचा सूर ओठांनी वरखाली सरकवता येतो, त्यामुळे ऊदला अडून राहावं लागत नाही. जॅझ पियानोवादक बिल एव्हान्स यांना ऐकत वाढलेल्यांनी मात्र थेट ‘ब्ल्यू मकाम्स’ लावावा.