इंजिनात डोकावणारा कॅमेरा: मुक्या मॉरिस मायनरवर घेतलेली चाचणी

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या जुन्या गाडीचं इंजिन सुरू करायचं असेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी हा कॅमेरा घ्या. माझं मत एवढंच आहे. तो कुठे कुठे फसवतो तेही सांगते, कारण विकणारे ते सांगत नाहीत.

वस्तू साधी आहे. लांब, अर्धवट ताठ केबल, टोकाला बारीक कॅमेरा, भोवती एलईडी, दुसऱ्या टोकाला यूएसबी. एक भिंग असलेलं डोकं साडेपाच मिलिमीटरचं मिळतं, समोर आणि बाजूला अशी दोन भिंगं असलेलं आठ मिलिमीटरचं. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगचं भोक १४ मिलिमीटरचं, म्हणजे दोन्ही आरामात जातात. मी आठचं घेतलं, आणि घेणार असाल तर तेच घ्या. प्लगच्या भोकातून सरळ पाहिलं की पिस्टनचा माथा दिसतो, पण आपल्याला बघायची असते बोअरची, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याची भिंत. एका भिंगवाल्याबरोबर त्यासाठी बाजूला बघणारा छोटा आरसा देतात. तो चिमटीसारखा नुसता अडकवलेला असतो. आत सुटला तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण काढा, दुसरा उपाय नाही. शिवाय त्याची कडी अॅल्युमिनियमची असेल तर चुंबकालाही दाद देणार नाही. हुक आणि चुंबकाचे जोडही तसेच लटपटते. ते सगळे मी डब्यातच ठेवले.

गाडी मॉरिस मायनर १०००, १९५६ ते १९६२ दरम्यान येणारं ९४८ सीसीचं ए-सीरिज इंजिन. वीसेक वर्षं हललेली नव्हती. इंजिन हाताने फिरवायचं हँडल पुढून लावलं तर फिरेना. एका मेकॅनिकने सांगितलं, टॉप गिअर टाका, ओढून न्या, सुटेल. सुटेलही, पण गंजलेल्या बोअरमधून पिस्टनभोवतीच्या रिंगा खेचल्या गेल्या तर त्या मोडतात आणि भिंतीवर कायमचे ओरखडे उमटतात.

कॅमेऱ्याने पहिल्याच बैठकीत पैसे फेडले ते इथे. एक, दोन आणि चार नंबरच्या सिलिंडरमध्ये काजळी, जरा तपकिरी डाग, पण होनिंगच्या (भिंत घासून घेताना मुद्दाम पाडलेल्या) तिरक्या रेषा अजून ओळखता येत होत्या. तीन नंबरमध्ये मात्र पिस्टनच्या अगदी वर गंजाचा लालसर पट्टा. चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबवा, एखाद्या तरी सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. कार्ब्युरेटरकडून किंवा सायलेन्सरकडून दमट हवा तिथून आत येत राहते. तीन नंबर त्याचाच बळी होता. इंजिन चारही ठिकाणी जाम नव्हतं, एकाच ठिकाणी अडकलं होतं. मग काम केवढं सोपं झालं! ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अॅसिटोन निम्मं निम्मं करून तीन नंबरमध्ये जास्त ओतलं, बाकीच्यांत थोडं. (अॅसिटोन चटकन पेट घेतं. दारं-खिडक्या उघड्या हव्यात, जवळपास ठिणगी नको.) काही दिवस मुरू दिलं, हँडलने केसभर केसभर जोर देत राहिले, आणि ते सुटलं.

आता तक्रार. हा कॅमेरा गंज वाढवून दाखवतो. एलईडीचा प्रकाश जवळून, तिरका पडतो, त्यामुळे वरवरचा डागही खड्ड्यासारखा दिसतो. स्क्रीनवर मापाला काही नसतं. त्या पट्ट्याचं पहिलं चित्र बघून इंजिन रीबोरला, म्हणजे बोअर नव्याने कापून मोठा करायला, पाठवावंसं वाटतं. म्हणून एकच जागा तेल मुरण्याआधी, नंतर, आणि हाताने थोडं फिरवल्यावर, अशी पुन्हा पुन्हा बघा. पट्टा पुसट झाला तर तो वरचा गंज. काळे ठिपके तसेच राहिले तर तिथे धातू खाल्ला गेलाय. आमच्याकडे पट्टा गेला, थोडे ठिपके उरले. फोकसही ठरावीक अंतरावरच जमतो. फार जवळ गेलात की सगळं धूसर. आणि कुणी हँडलपाशी असताना डोकं आत ठेवू नका, पिस्टन ते चिरडून टाकेल.

जे त्याला दिसतच नाही, तेही मोठं आहे. खाचेत चिकटलेली रिंग दिसत नाही. बेअरिंग दिसत नाहीत. तेलाचे मार्ग कोरडे पडलेत का, ते कळत नाही. ए-सीरिजमध्ये ऑइल पंप कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) मागच्या टोकावर चालतो, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर (प्लगांना वीज वाटणारा भाग) काढून ड्रिलने पंप फिरवायची, काही इतर इंजिनांत चालणारी युक्ती इथे चालत नाही. जुनं तेल काढून नवं भरलं, प्लग बाहेरच ठेवले, आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारला. प्लग नसले की कॉम्प्रेशन नाही, बेअरिंगवर भार कमी. त्यानंतर सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं. तीन नंबर आधी बाकीच्यांपेक्षा बराच खाली होता, इंजिन चालून गरम झाल्यावर जवळ आला. रिंगा मोकळ्या झाल्या, हे गेजने सांगितलं, कॅमेऱ्याने नाही.

एअर फिल्टरच्या नळीत आणि सायलेन्सरमध्ये उंदरांचा पसारा शोधायला तो उत्तम. पेट्रोलच्या टाकीत मात्र अजिबात घालू नका, जाहिरातीतल्या चित्रात काहीही दाखवोत. डोकं पाण्यात चालतं म्हणून पेट्रोलच्या वाफेत सुरक्षित ठरत नाही. टाकी आधी काढा, रिकामी करा, धुवा, मग बघा.

फोनसाठी जे अॅप सुचवतात ते लोकेशन मागतं. इंजिनाचा बोअर बघायला माझा पत्ता कशाला लागतो, देव जाणे. लॅपटॉपला जोडलं तर नेहमीच्या कॅमेरा प्रोग्रॅममध्येच चित्र येतं, आणि स्क्रीन मोठा असल्यामुळे ठिपके मोजायलाही बरं पडतं.