बाल्कनची ऑर्डर : बिल डॉलरमध्ये काढावे की युरोत?

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेतल्या फाउंड्रीला सर्बिया-बोस्नियाकडून कास्टिंगची चौकशी आली, की दर सांगण्याआधी पार्टीचे, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीचे, मालक कोण आहेत ते पाहावे आणि मगच बिलाचे चलन ठरवावे. देशाच्या स्थैर्याला धोका ठरणाऱ्यांची मालमत्ता गोठवणाऱ्या याद्या अनेक आहेत, आणि पैसे कोणत्या वाटेने येतात त्यावर कोणती यादी आडवी येणार हे ठरते.

संयुक्त राष्ट्रांच्या यादीपुढे चलनाचा प्रश्नच नाही. अल-कायदा, आयसिस, तालिबानशी संबंधित नावांसाठी यूएपीएचे (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याचे) कलम ५१अ आहे. नाव जुळले तर भारतातली बँकच व्यवहार रोखते.

खरा त्रास अमेरिकेच्या यादीचा. भारतीय कंपनीला ती थेट बांधत नाही, पण डॉलरचे पेमेंट बहुधा अमेरिकी बँकेतून फिरून येते. पश्चिम बाल्कनसाठीचा अमेरिकेचा गोठवणुकीचा आदेश २००१ चा. २०२१ मध्ये त्याची व्याप्ती वाढवली. अमेरिकी बँक पेमेंट नाकारते तेव्हा पैसे पार्टीकडे परत जातात, ते पुन्हा मागता येतात. गोठवले तर मात्र रक्कम तिथेच पडून राहते आणि अमेरिकी कोषागाराच्या ‘ओफॅक’ कार्यालयाचा परवाना मिळाल्याशिवाय सुटत नाही. माल तर केव्हाच गेलेला असतो! बहुतेक जण फसतात ते ५० टक्क्यांच्या नियमात. यादीतल्या दोघांचा प्रत्येकी २५ टक्के वाटा असला, तरी कंपनी गोठवलेलीच धरतात, मग तिचे नाव यादीत नसले तरी. म्हणून पार्टीकडून भागधारकांचा ताजा उतारा मागा.

युरोपीय संघात नाव घालायला २७ देशांचे एकमत लागते. त्यामुळे बोस्नियातले सर्ब नेते मिलोराद दोदिक अमेरिकेच्या यादीत असतानाही युरोपच्या यादीत नव्हते. अमेरिकेनेही त्यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये वगळले. युरोपात वाट्याबरोबर कंपनी कोणाच्या ताब्यात आहे तेही पाहतात, आणि अनेक युरोपीय बँका अमेरिकेची यादीही तपासतात. रुपयात बिल काढण्याची सोय रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये दिली, पण पार्टीच्या बँकेचे भारतात विशेष व्होस्ट्रो खाते (परदेशी बँकेचे भारतीय बँकेतले रुपयातले खाते) नसेल तर तिचा उपयोग नाही.

मालकी स्वच्छ असेल तर आमच्या मते युरो बरा. बोस्नियाचे चलनही युरोलाच बांधलेले आहे. मालक यादीतलाच निघाला तर ऑर्डर सोडा. चलन बदलून पळवाट काढणे हा स्वतंत्र धोका आहे.

ओफॅकच्या शोधपानावर जुळणीचा आकडा १०० वर असतो, तो ८५ च्या आसपास आणा. स्लाव्ह नावांची स्पेलिंगे बदलतात. नाव जुळले तर जन्मतारीख ताडून पाहा. तारखेसह प्रिंट ठेवा आणि माल रवाना करण्याआधी पुन्हा तपासा. एलसी (बँकेचे हमीपत्र) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्यात निर्बंधांचे कलम आहे का ते वाचा. पैसे गोठलेच तर परवान्याच्या अर्जाला इन्व्हॉइस, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग आणि स्विफ्टची (बँकेच्या पेमेंट संदेशाची) प्रत जोडावी लागेल, म्हणून ती पहिल्या दिवसापासून एका फाइलीत असू द्या.