तालुक्याचं सरकारी डायलिसिस सेंटर: दीड वर्षाचा अनुभव

बाबांचं डायलिसिस आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सुरू होऊन दीड वर्ष झालं. आठवड्यातून तीन वाऱ्या, म्हणजे दोनशेच्या वर वेळा मी त्या बाहेरच्या बाकड्यावर बसलोय, म्हणून हे लिहितोय. ज्यांच्या घरी नुकतंच क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी बिघडली की वाढतो) वाढल्याचं कळलं त्यांनी जरूर वाचा.

आधी सुरुवातीचं सांगतो. बाबांचं क्रिएटिनिन ६ आलं तेव्हा शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात सांगितलं की उद्याच मानेत नळी टाकून डायलिसिस सुरू करा. आम्ही सगळे हादरलो, आईनं तर जेवण सोडलं. एका नातेवाईकाच्या सांगण्यावरून इथल्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवले तर त्यांनी आधी बाबांना विचारलं, काका दम लागतो का, उलट्या होतात का, पायाला सूज आहे का, जेवण जातं का. मग पोटॅशियम पाहिलं आणि म्हणाले थांबू, पण दर पंधरा दिवसांनी यायचं. मला पटेना म्हणून त्यांनी २०१० साली छापून आलेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अभ्यासाचं सांगितलं. ८२८ पेशंट होते, अर्ध्यांना किडनीचं काम (मिनिटाला किती मिली रक्त साफ होतं तो आकडा, कमी म्हणजे वाईट) १० ते १४ वर असतानाच मशीनवर घ्यायचं ठरलं आणि अर्ध्यांना ५ ते ७ पर्यंत थांबवायचं ठरलं, लवकर सुरू करणारे काही जास्त जगले नाहीत. थांबवलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मात्र त्रास वाढल्यानं ठरल्याच्या आधीच घ्यावं लागलं, म्हणून नुसता आकडा पाहायचा नाही, माणूस पाहायचा, असं ते म्हणाले. बाबांचे त्यानंतर सात महिने मशीनशिवाय गेले, संत्र्याचा एक अख्खा बहार त्यांनी स्वतः उभं राहून तोडून घेतला. आणि त्याच काळात नागपूरला जाऊन डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला शीर आणि धमनी जोडायचं छोटं ऑपरेशन) करून आणला, तो तयार व्हायला दोन महिने लागले, त्यामुळे मानेतली नळी आणि तिचं इन्फेक्शन यातून वाचलो.

आता सेंटरबद्दल. मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे इथे चार तास म्हणजे चार तास. मे महिन्यात पाण्याची बोंब झाली (एका पेशंटला एका वेळी साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, आणि आमच्या तालुक्यात उन्हाळ्यात प्यायला टँकर) तेव्हा दोन आठवडे बाबांना बाहेर एका ठिकाणी न्यावं लागलं, तिथे तीन तास झाले की सुया काढायचे, पुढचा पेशंट वाट पाहतोय म्हणून. बाबांनाही बरं वाटलं, लवकर सुटका. पण अंगात साचलेलं पाणी तर तेवढंच असते, ते कमी वेळात ओढलं की बीपी खाली जातो आणि पायात गोळे येतात. दुसऱ्या वेळेस बाबा तिथेच घामानं डबडबले, मला काही सुचेना. परत आल्यावर इथल्या टेक्निशियन ताईंनी वजन केलं तर साचलेल्या पाण्यानं साडेतीन किलो वाढलेलं, त्या बाबांना म्हणाल्या, "काका, दोन किलोच्या वर आणू नका ना बा, मले पाणी ओढता येते, पण तुमचं हृदय थकते." त्या दिवसापासून घरी लोणचं, पापड, मिठाचा ठेचा बंद केला, कारण मीठ खाल्लं की तहान लागतेच, पाणी कमी पी म्हणून नुसतं ओरडून काही होत नाही.

बाबांना सगळ्यात जड गेलं ते संत्रं सोडणं. तीस वर्षं बाग केली आणि आता संत्र्यातलं पोटॅशियम किडनी बाहेर टाकू शकत नाही म्हणून फोड तोंडात टाकायची नाही. "काहून बा, एका फोडीनं काय होते?" असं विचारायचे. ताईंनी वैताग न करता समजावलं की पोटॅशियम वाढलं तर हृदय अचानक बंद पडू शकते, आणि त्याआधी काही दुखेलच असं नाही.

रक्ताचंही तसंच. हिमोग्लोबिन साडेदहाच्या आसपास ठेवतात, मी म्हटलं रक्त वाढवायचं इंजेक्शन वाढवा, १४ करा, माणूस तरतरीत होईल. डॉक्टर म्हणाले १९९८ साली अमेरिकेत हृदयाचा आजार असलेल्या १२३३ डायलिसिस पेशंटवर हेच करून पाहिलं, रक्त नॉर्मलला नेलेल्या गटात मृत्यू आणि हार्ट अटॅक जास्त दिसू लागले म्हणून तो अभ्यास मधेच थांबवला. मी गप्प बसलो. सरकारी दवाखान्यात एवढा वेळ काढून कोणी समजावेल असं मला वाटलं नव्हतं.

मोठ्या भावाला शुगर आहे, त्याच्या लघवीत प्रोटीन (किडनी बिघडू लागल्याची खूण) निघालं ते पण इथेच, पेशंटच्या घरच्यांची तपासणी करून घ्या असं यांनीच सांगितलं म्हणून. त्याला डापाग्लिफ्लोझिन सुरू केलं, २०२० च्या ४३०४ पेशंटच्या अभ्यासात या गोळीनं किडनी खराब होण्याचा वेग कमी झाला होता, आणि आता साध्या कंपन्यांची स्वस्तात मिळते. अंगदुखीच्या गोळ्या मात्र किडनीला अपाय करतात म्हणून त्याच्या बंद केल्या, फवारणी करून आला की दोन गोळ्या, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

तक्रारी आहेत. किडनीचे स्पेशालिस्ट आठवड्यातून एकदाच येतात. उन्हाळ्यात पाण्याची पक्की सोय पाहिजेच, हे मी लेखी दिलंय आणि परत देणार आहे. बाहेर नातेवाईकांना सावली नाही, उन्हात तिथं चार तास बसवत नाही.

सरकारी आरोग्य योजनेत बसल्यामुळे डायलिसिसचे पैसे लागले नाहीत, रेशन कार्ड आणि आधार दोन्हीच्या झेरॉक्स घेऊन जा. सकाळची शिफ्ट मागा, म्हणजे दुपारच्या एसटीनं गावी परतता येते. फिस्टुलाच्या हातावर कोणी बीपी घेऊ लागलं तर तिथेच थांबवा, आणि रोज झोपताना त्या हातावर बोटं ठेवून घरघर (रक्त वाहत असल्याची खूण) लागते का पाहा, लागली नाही तर सकाळची वाट न पाहता निघा.