न वाचणारी हार्ड डिस्क आणि तीन मोफत साधनं: दिवाळीपासूनचा अनुभव

सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. डीडीरेस्क्यू, टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही तीन मोफत साधनं गेल्या दिवाळीपासून रोजच्या वापरात आहेत. लोक तिघांची नावं एका दमात घेतात, पण कामं वेगळी आहेत, आणि फायली मिळणार की जाणार हे बऱ्याचदा क्रमावर ठरतं.

सगळ्यात जास्त मान मी डीडीरेस्क्यूला देतो. ते फाईल शोधतच नाही, अख्ख्या डिस्कची सेक्टर टू सेक्टर, म्हणजे एकेका बारीक कप्प्याची, नक्कल काढतं. विंडोजमधून कॉपी करायला गेलं की खराब सेक्टरवर अडकून तिथंच पुन्हा पुन्हा डोकं आपटत राहतं, आणि तबकडीवरचा डेटा वाचणारं, आधीच थकलेलं हेड आणखी थकतं. डीडीरेस्क्यू खराब जागा ओलांडून आधी चांगला भाग पदरात पाडून घेतं, मग मागे येऊन खराब पट्ट्याच्या कडा कुरतडतं आणि शेवटी उरलेलं खरवडून काढतं. कुठपर्यंत आलो याची नोंद मॅपफाईलमध्ये राहते. आमच्याकडे लाईट गेली, मशीन बंद पडलं, तरी पुढचं काम तिथूनच सुरू होतं. या एका सोयीसाठी मी त्याला पूर्ण गुण देईन. पहिल्या फेरीला कमांडला डॅश एन (-n) लावून खरवडणं बंद ठेवावं. चांगला डेटा हाती आला की मगच डॅश आर तीन (-r3), म्हणजे खराब जागा आणखी तीनदा वाचून बघायच्या. कमांडमध्ये स्रोत (खराब डिस्क) आणि लक्ष्य (नक्कल जाते ती डिस्क) उलटसुलट झालं तर खेळ खलास, म्हणून एंटर दाबण्याआधी डिस्कचा सीरियल नंबर मोठ्याने वाचायची सवय मी दुकानातल्या पोरांनाही लावली आहे.

वेळ मात्र धरून चाला. धडधाकट १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली तरी पावणेतीन तास जातात. आजारी डिस्कला दिवस लागतात. शक्य असेल तर डिस्क केसमधून काढून कॉम्प्युटरच्या आतल्या साटा केबलला थेट लावा, खराब सेक्टर आला की यूएसबीवर फार गटांगळ्या खाते. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड बोर्डावरच असतं, तिथे हा इलाज नाही.

दुसरं टेस्टडिस्क. डिस्क लावल्यावर ‘फॉर्मॅट करा’ असा संदेश येतो तेव्हा पुष्कळदा फक्त पार्टिशनची (डिस्कच्या विभागाची) नोंद किंवा त्या विभागाच्या सुरुवातीचा बूट सेक्टर बिघडलेला असतो. विंडोजच्या एनटीएफएस या फाईल सिस्टिममध्ये (फायली मांडून ठेवायच्या पद्धतीत) बूट सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या शेवटी असते, टेस्टडिस्क ती वापरून दुरुस्ती करू शकतं. मी मात्र डिस्कवर काही लिहू देत नाही. टेस्टडिस्कमध्ये डीडीरेस्क्यूने काढलेली नक्कल उघडायची, फायलींची यादी आली की सी दाबून दुसरीकडे काढून घ्यायच्या. नावं, फोल्डर, सगळं जसंच्या तसं मिळतं.

फोटोरेक शेवटी. ते फाईल सिस्टिम बघतच नाही, फाईलच्या सुरुवातीच्या खुणांवरून ती ओळखतं, त्यामुळे नावं जातात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका घरची डिस्क आली होती, त्यात मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसातल्या गाण्यांची रेकॉर्डिंग होती. आवाज स्वच्छ परत आले, पण कोण गातंय, कोणत्या सालचं, काही कळेना. फोटोत कॅमेऱ्याने तारीख लिहिलेली असते, तशी या रेकॉर्डिंगमध्ये काहीच नव्हती. घरातले थोरले काका रोज संध्याकाळी येऊन एकेक ऐकायचे आणि मला नाव लिहायला सांगायचे. फोटोरेक चालवण्याआधी टेस्टडिस्कला पूर्ण संधी द्या, हे मी त्यासाठीच म्हणतो. आणि फाईलचे प्रकार निवडूनच चालवा, नाहीतर ब्राउझरमधल्या बारीकसारीक चित्रांचा ढीग पडतो.

तिन्ही साधनांचा पडदा इंग्रजी आणि बहुतेक काळाच. नवख्याला धडकी भरते. फोटोरेकला क्यूफोटोरेक नावाचं माउसने चालणारं रूप आहे, त्याने थोडं सोपं जातं.

टकटक आवाज करणाऱ्या डिस्कला यातलं काहीही लावू नका. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. ते बिघडलं असेल तर चालू ठेवलेला प्रत्येक मिनिट पृष्ठभाग खरवडतो. अशी डिस्क धूळ नसलेली स्वच्छ खोली असलेल्या लॅबकडेच जाते. पुराच्या पाण्यातली डिस्कही तशीच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर आपल्याकडे लोकांनी डिस्क उन्हात वाळवल्या. गाळ वाळून तबकडीवर बसला की काम दुप्पट अवघड. ओलसरच ठेवून पिशवीत बंद करा, वीज लावू नका. एसएसडीवरून (तबकडी नसलेल्या, चिपवर चालणाऱ्या डिस्कवरून) डिलीट झालेल्या फायलींची फार आशा धरू नका, डिलीट झालेली जागा साफ करणारी ट्रिम ही सोय चालू असेल तर त्या बहुधा गेलेल्याच असतात.

फोनवर विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगतो: विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन, चेकडिस्क, चालवू नका. ते डिस्कवर लिहितं, आणि त्यानंतर टेस्टडिस्कला मिळाली असती ती नावं बऱ्याचदा मिळत नाहीत.