डोंबिवली स्टेशनबाहेरच्या मावशींची रानभाजी

गेल्या वर्षी मे महिन्यात माझं हिमोग्लोबिन ८.९ निघालं. वय ४६, पाळीचा काही नेम नाही, आली की आठ-आठ दिवस थांबत नाही. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करायला लावली, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, "पालेभाजी किती खाता?" मी म्हटलं, रोज. घरी येऊन खरंच मोजायला बसले. आठवड्यातून दोनदा एक जुडी, चौघांत. मी सगळ्यांत शेवटी जेवते, तोवर कढईच्या कडेला लागलेलंच उरतं. आपल्या देशात बायकांनी रोज १०० ग्रॅम पालेभाजी खावी असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगत आली आहे. माझी आठवड्याची सगळी मिळून तेवढी होत नव्हती.

त्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी डोंबिवली पूर्वेला, स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका ठाकर मावशींकडून भाजी घेतली. त्यांना ना दुकान, ना पाटी. निळं प्लास्टिक अंथरून त्यावर पळसाच्या पानांत बांधलेल्या जुड्या मांडतात. कर्जतच्या बाजूने पहाटेच्या लोकलने, मालडब्यातून येतात. मंगळवार आणि शुक्रवार नक्की, मधे कधी येतात, कधी नाही. नऊनंतर गेलात तर उरलेलंच मिळेल.

पहिली खरेदी शेवळांची. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर ही येतात आणि पंधरा-वीस दिवसांत संपतात. सहा कोंब १०० रुपयांना. मी नुसते कोंब उचलले तेव्हा मावशींनी पिशवी धरून ठेवली. "बाय, काकडं घेतल्याबिगर शेवळं देणार नाय." काकडं म्हणजे आवळ्याएवढी हिरवी आंबट फळं. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, त्या घशाला टोचतात, म्हणून हे आंबट हवंच. आतला पिवळा भाग काढून टाकायचा तेही त्यांनीच दाखवलं. पूर्वी एकदा दुसरीकडून मी शेवळं आणली होती, तिथे कुणी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. माझ्या मुलीचा घसा रात्रभर खाजत होता. त्यामुळे माझ्या लेखी मावशींची खरी किंमत या सांगण्यात आहे. जी भाजी कशी शिजवायची हे विकणारी सांगत नाही, ती घेऊ नये.

जुलैत टाकळा, कुर्डू, फोडशी. टाकळ्याची जुडी २० रुपये. फुलं यायच्या आतला कोवळा पाला हवा, मावशी तोच आणतात. हरभऱ्याची डाळ भिजवून, लसूण-मिरचीच्या फोडणीत परतला की मेथीच्या जवळ जाणारी चव येते. फोडशी निवडायला वेळ लागतो, मुळाशी माती फार. तीन पाण्यांतून काढा, चौथ्यातही खाली रेती दिसेल. पण डाळ घालून केलेली फोडशी आणि तांदळाची भाकरी, यापुढे मला पावसाळ्यात दुसरं काही नको. कुर्डू सगळ्यांत सोपा, मुलं न कुरकुरता खातात. भारंगी मात्र कडू. सगळे ती उकळून पाणी पिळून टाकतात, मीही टाकते, पण त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेट बरंच निघून जातं. कोवळी पानं असतील तर मी न पिळताच करते. ऑगस्टमध्ये कंटोळी, ती महाग, आणि श्रावणी सोमवारसाठी कवळा.

भाद्रपदात ऋषिपंचमीला सासूबाई बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. व्रतामागची कारणं मला पटत नाहीत. पाळीला दोष मानणं तर अजिबात नाही. पण नांगर न लागलेल्या मातीतली पाच-सात पानं वर्षातून एकदा तरी बाईच्या ताटात पडावीत, एवढी त्यातली गोष्ट मला आवडते. गेल्या वर्षी ऋषीच्या भाजीचा सगळा पाला मावशींकडूनच आणला.

रानभाजी खाल्ली की रक्त वाढतं असं सरसकट कुणी सांगितलं तर मी मान्य करणार नाही. पानांतलं लोह मांसातल्या लोहासारखं सहज अंगी लागत नाही. त्याला आंबटाची सोबत लागते, म्हणून ताटात लिंबू पिळायचं. आणि जेवणावर लगेच चहा नको, कारण चहातली टॅनिन लोह अडवतात. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत जड गेली. जेवणानंतर तासभर थांबायला मी ऑफिसात स्वतःला शिकवलं. सप्टेंबरअखेर हिमोग्लोबिन ११.२ आलं. त्यात मोठा वाटा गोळ्यांचा, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. पण भाजी थांबवू नका, असंही सांगितलं. पोटात बाळ असेल तर अनोळखी रानभाजी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका. मावशी स्वतःही पोटुशी बाई समोर आली तर कडू भाज्या बाजूला सारतात आणि कुर्डू देतात.

तक्रार करायची तर एकच. जुलैच्या शेवटी दोन आठवडे कुर्डू आलाच नाही. विचारलं तर म्हणाल्या, बांधावर औषध मारलंय. तणनाशक. शेतकऱ्याला ते तण, मावशींना पोटापाण्याचं साधन, आणि माझ्यासारखीला लोहाच्या गोळ्यांच्या जोडीचं अन्न. मारलेल्या बांधावरचं त्या खुडत नाहीत, त्यासाठी अर्धा डोंगर जास्त चढतात. भाव मात्र तेवढाच ठेवला. इथे कुणी घासाघीस करताना दिसलं की मला राग येतो.

आणि एक गोष्ट मला चार महिने टोचत राहिली. मावशींचा नाश्ता म्हणजे चहा आणि वडापाव, अकराला पुन्हा चहा. डॉक्टरीणबाई माझी खालची पापणी ओढून बघायच्या, तेव्हापासून मीही बायकांच्या पापण्या बघायला लागले आहे. मावशींची पापणी आतून पांढरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. त्या आकड्यात मीही आहे आणि त्याही असणार. मी त्यांना एकदा विचारलं, घरी कुठली भाजी करता? "चांगली ती इकायची बाय. सुकलेली उरंल ती घरी." जुडीमागे २० रुपये मिळतात, त्यातून तेल, मीठ, तांदूळ येतो. घरी खाल्लेल्या जुडीचे पैसे होत नाहीत. माझं रक्त वाढवणारी भाजी त्यांच्याच ताटातून निघून इथवर आली, हे कळल्यावर घास पहिल्यासारखा उतरेना. मी जास्त पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. मग मी लिंबं न्यायला लागले, आणि एकदा लोहाच्या गोळ्यांबद्दल बोलले. आशाताई देतात, पण पोटात जळजळतं म्हणून त्या घेत नाहीत. जेवल्यावर घेऊन बघा म्हटलं. घेतात की नाही, माहीत नाही.

ऑगस्टच्या एका शुक्रवारी उशीर झाला, साडेनऊ वाजले होते. प्लास्टिक रिकामं होतं, पण त्यांच्या मांडीमागे, ओल्या फडक्यात गुंडाळलेली कुर्डूची एक जुडी दिसली. कोवळी, त्या दिवसातली सगळ्यांत चांगली. मी हात पुढे केला.

"ती नाय इकायची," मावशी म्हणाल्या. "सुनेला सातवा लागलाय."