शून्यांनी भरलेला कागद: १९९१ चा सातवा सामना, डीव्हीडीवर

सूनबाईने अमेरिकेतल्या सेंट पॉलच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून ही डीव्हीडी आणली. १९९१ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना, मिनेसोटा ट्विन्स १, अटलांटा ब्रेव्ह्ज ०. पुण्यात मी बावीस वर्षं क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग केलंय, मेडन ओव्हरचं मोल मला कळतं. तरी तीन तासांहून जास्त चाललेल्या खेळात एकच रन म्हटल्यावर मनाची तयारी करूनच बसलो. पेन्सिल, पट्टी आणि मुलाने छापून दिलेली बेसबॉलची स्कोअरशीट.

आता पाच वेळा बघून झालाय.

२७ ऑक्टोबर, मिनिआपोलिसचं मेट्रोडोम, डोक्यावर छत, त्यामुळे पन्नास हजारांवर लोकांचा आवाज आतच घुमतो. टीव्हीचा आवाज कमी करू नका, तो गोंगाट सामन्याचाच भाग आहे. आदल्या वर्षी हे दोन्ही संघ आपापल्या गटात तळाला होते. सुरुवातीला ब्रेव्ह्जचा पहिला बॅटर लॉनी स्मिथ ट्विन्सचा कॅचर (आपला विकेटकीपर म्हणा) ब्रायन हार्परशी हात मिळवतो. एवढ्या ताणात ते बघून फार बरं वाटलं.

खरा ऐवज आठव्या इनिंगमध्ये आहे. (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात, आणि अशा नऊ इनिंग असतात. फर्स्ट, सेकंड, थर्ड हे बेस फिरून होमला परतलं की एक रन.) स्मिथ फर्स्ट बेसवर, एकही आउट नाही. ब्रेव्ह्जचाच टेरी पेंडलटन चेंडू डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत लांब मारतो. स्मिथ आधीच पळत सुटलाय, पण चेंडू कुठे गेला ते त्याला दिसलेलं नाही. तेवढ्यात ट्विन्सचा फील्डर चक नॉब्लॉक नसलेला चेंडू उचलून साथीदार ग्रेग गॅग्नीकडे फेकल्याचं हुबेहूब सोंग करतो. स्मिथ सेकंडजवळ थबकतो आणि पुढे थर्डपर्यंतच पोचतो. आपण सोंगाला फसलो नाही, चेंडूच दिसला नव्हता, असं तो नंतर सांगत आला. मी ती जागा किती वेळा मागे नेऊन पाहिली! मला त्याचं म्हणणं पटतं.

पुढे तिन्ही बेस भरले, तरी रन नाही. ब्रेव्ह्जच्या सिड ब्रीमचा फटका फर्स्ट बेसवरच्या केंट हर्बेककडे, तिथून होम, परत फर्स्ट. कागदावर फक्त ३-२-३ एवढंच लिहायचं (३ म्हणजे फर्स्ट बेसचा फील्डर, २ म्हणजे कॅचर), आणि दोघे आउट, म्हणजे डबल प्ले. लिहिताना माझा हात थरथरला, खोटं नाही सांगत. त्याच इनिंगमध्ये ट्विन्सचेही बेस भरतात आणि तेही डबल प्लेमध्येच संपतात.

हे सगळं पेलतो तो ट्विन्सचा पिचर (चेंडू टाकणारा), ३६ वर्षांचा जॅक मॉरिस, सेंट पॉलचाच मुलगा. समोर ब्रेव्ह्जचा पिचर जॉन स्मोल्ट्झ, ज्याने लहानपणी मिशिगनमध्ये याच मॉरिसला डोळ्यांत साठवलं होतं. नऊ इनिंग झाल्या तरी ०-० बरोबरीच, म्हणून खेळ पुढे चालू; तेव्हा ट्विन्सचा मॅनेजर टॉम केली मॉरिसला थांबवू बघतो, तो ऐकत नाही. दहावीही टाकतो. १२६ चेंडू! मग ट्विन्सच्या डॅन ग्लॅडनची बॅट मोडते, तरी तो सेकंड गाठतो. शेवटी जीन लार्किनचा फटका पुढे सरकलेल्या फील्डरांच्या डोक्यावरून जातो. ग्लॅडन दोन्ही पायांनी होम प्लेटवर उडी मारतो, आणि तिथे मॉरिस उभाच असतो.

सामना अखंड आहे, म्हणून पूर्ण गुण. फक्त हायलाइट्स बघणाऱ्याला ते ३-२-३ म्हणजे दोन आउट एवढंच वाटेल. आधीच्या सात इनिंगची शून्यं स्वतः लिहिलेली असली की त्याचं वजन कळतं. चित्र त्या काळच्या टीव्हीचं आहे, थोडं भुरकट, पण मला खटकलं नाही. आमची चकती मात्र चौथ्या इनिंगमध्ये दोनदा अडकते, खोल ओरखडा आहे. जुनी घेत असाल तर दुकानातच उजेडात तिरकी धरून बघा.